भिंतीवरचा कोळी, बाहीतला कोळी

लिनारेस, ९ फेब्रुवारी

मिरेया,

काल दुपारी दारात पोलीस आला. गिऱ्हाईक असेल म्हणून मी तोंडात टाचण्या धरूनच दार उघडलं. त्यानं माझं नाव दोन्ही आडनावांसकट मोठ्यानं वाचलं आणि नोटीस हातात ठेवली. ‘अल्पवयीन मुलीस पालकांच्या संमतीवाचून घेऊन जाणे.’ साध्या भाषेत सांगायचं तर मूल पळवणे. समोरची क्लारिसा झाडायचं थांबवून ऐकत होती. संध्याकाळी पावाच्या दुकानात गेले तर रांगेतल्या बायका एकदम गप्प. ओतिलिया पोरं पळवते, आणि तीही सख्ख्या बहिणीची!

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर त्यावर बंद करून ठेवलाय, आणि कुणी ठेवलाय ते मला न सांगता कळतं. म्हणून हे पत्र. तुझ्या घरी येणारं प्रत्येक पाकीट रेनाल्दो आधी फोडतो, हेही मला माहीत आहे. तेव्हा रेनाल्दो, चष्मा लाव आणि नीट वाच. मी तुझ्या बायकोला लिहितेय, पण तुझ्यापासून लपवावं असं यात काही नाही.

सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण नोटिशीत ते उलटं लिहिलंय.

तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीला येऊन थोडेच दिवस झाले होते. न्हाणीघराच्या भिंतीवर, नळाच्या वर कोळी दिसला. लांब पायांचा, पिवळट. मी चप्पल उचलली, तर तुझ्या नवऱ्यानं माझं मनगट धरलं.

“मारू नका, ओतिलिया. हा वाघकोळी आहे. तो विषारी असतो ना, कोपऱ्यातला कोळी, त्याला हा खातो. तुमच्या घराचा राखणदार आहे हा.”

“माझ्या घराची राखण मी करते.”

“हे बघा, फोनवर फोटो. ताडून बघा. उगाच अडाण्यासारखं करू नका.”

पाहुणा माणूस, म्हणून मी चप्पल खाली टाकली. तीस वर्षं मी या घरात पलंग भिंतीपासून लांब ठेवतेय, कपाटं सरकवून मागून झाडतेय, अंगात घालण्याआधी प्रत्येक कपडा झटकतेय. आणि अडाणी मी! तिकडं दक्षिण टोकाला, तुमच्या पुंता आरेनासच्या थंडीत तो कोपऱ्यातला कोळी जगत नाही. त्यामुळं तुमच्या बिचाऱ्या पोरीला, रायेनला, कपडे झटकायची सवय नाही. सवय नाही हा तिचा दोष नाही. मी रोज तिच्या मागे लागत होते, आणि रेनाल्दो म्हणत होता, “पोरीच्या मनात भीती भरू नका.”

मग ती सकाळ. मी शिवलेला पिवळा फ्रॉक घालताना रायेन किंचाळली. “ओती मावशी, चटका बसला!” दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ लाल ठिपका. रेनाल्दो म्हणाला गोमाशी चावली. आदल्या दिवशी नदीवर गेलो होतो, तिथं गोमाश्यांचे थवे होते. बर्फ लावला आणि विषय संपला. पोरगी रात्रभर कण्हत होती म्हणे. मला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दंड मी पाहिला. मध्ये पांढरट, भोवती निळा, कडेला लाल, संगमरवराच्या फरशीवर असतात तशा रेघा. अंग तापलेलं. आणि लघवी काळ्या चहासारखी. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. तर तुझा नवरा मक्याच्या पानात उकडलेली उमिता खात बसला होता, पान सोलता सोलता म्हणाला, “ऊन लागलंय. पाणी कमी प्यायलीय. परवा विमान आहे, तिकडं गेल्यावर आमच्या डॉक्टरला दाखवू. पोरीला कुणीही कुठंही न्यायचं नाही, समजलं?” आणि वामकुक्षीला गेला. हो, झोपला! पोरगी शेजारच्या खोलीत तापानं फणफणत होती आणि याचं घोरणं अंगणात ऐकू येत होतं.

तूही झोपली होतीस. मी पोलिसांना तेच सांगितलं, इथंही तेच लिहिते. मी कुणाला विचारलं नाही. न्हाणीघरात गेले, भिंतीवरचा तो राखणदार काचेच्या पेल्याखाली धरला, बरणीत घातला. सुईत दोरा ओवायचं माझं भिंग आहे ना, त्यातून बघितलं. सहा डोळे. कोळ्याला आठ असतात, कोपऱ्यातल्याला सहा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रायेनला चादरीत गुंडाळली, लघवीची बाटली पिशवीत टाकली आणि शेजारच्या निबाल्दोच्या कलिंगडांच्या पिकअपमध्ये बसले. निबाल्दोनं अर्धी कलिंगडं रस्त्यावरच उतरवली आणि एक शब्द न विचारता गाडी हाणली.

तिथं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर इबाकाचेंनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाल्या, “बाई, हा वाघकोळी. निरुपद्रवी. पाय पट्ट्यापट्ट्यांचे, पाठ फुगीर. कोपऱ्यातला चपटा असतो, तपकिरी, पाठीवर व्हायोलिनसारखी खूण.”

“पण डोळे सहा आहेत!”

“यालाही सहाच असतात. तिथंच सगळे फसतात.”

माझं तोंड कसं झालं असेल ते तू समज. पण मग त्यांनी बाटली पाहिली, दंड पाहिला, आणि त्यांचा आवाज बदलला. “हा कोळी विसरा. चावणारा दुसरा होता. हिला ताबडतोब दाखल करतेय.” सुई, सलाईन, रक्त, धावपळ. संध्याकाळी म्हणाल्या की रात्रभर घरी राहिली असती तर मूत्रपिंडं गेली असती. हे तुझा नवरा आला तेव्हा त्या त्याच्याही तोंडावर म्हणाल्या.

पण तो आला तो पोलिसाला घेऊन! आणि त्यानं डॉक्टरांचं काय उचललं? ‘आणलेला कोळी निरुपद्रवी.’ एवढं एक वाक्य. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, “एका निरुपद्रवी किड्यासाठी ही बाई माझी मुलगी उचलून पळाली.” मी जे ओरडले ते परत लिहीत नाही. तिथं नोकरीला असलेल्या क्लारिसाच्या भाचीनं ते ऐकलं, म्हणजे आता सगळ्या गावाला पाठ असेल.

रायेन आठवडाभर तिथं होती. मला आत सोडलं नाही. बहिणीच्या मुलीसाठी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, आणि तुम्ही माझ्यासमोरून तिला घेऊन विमानतळावर गेलात. तू वळूनही पाहिलं नाहीस.

आता मला सांगा, मी नक्की कुणाला पळवलं?

ओतिलिया


लिनारेस, २० फेब्रुवारी

मिरेया (आणि रेनाल्दो, वाचतोयस ना?),

चावणारा सापडला.

तुमच्या खोलीतल्या पलंगाखाली रायेनचा पिवळा फ्रॉक राहिला होता. शाळा उघडायच्या आधी माझ्याकडं गणवेशांचा डोंगर असतो, म्हणून त्या खोलीकडं मी फिरकलेच नव्हते. काल धुवायला म्हणून उचलला आणि बाही उलटी केली. काखेच्या शिवणीत चिरडलेला, वाळलेला. चपटा, तपकिरी. पाठीवरची खूण मी भिंगातून पाहिली आणि तशीच खुर्चीत बसले. फ्रॉक मी शिवला होता. दारामागच्या खिळ्याला मीच टांगला होता.

पण बसून राहिले नाही. यावेळी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसाही ठेवला नाही. कागदाच्या घडीत घालून डॉक्टर इबाकाचेंकडं गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि म्हणाल्या, “हा. हाच तो.” तसं त्यांनी लिहूनही दिलंय, सही-शिक्क्यासकट. त्याची प्रत सोबत पाठवते.

तर रेनाल्दो, ऐक. भिंतीवरचा वाघकोळी होता. तू बरोबर होतास, हे कबूल करताना माझी जीभ जड होते, पण करते. तू त्याला ओळखलंस. बाहीतल्याला ओळखलं नाहीस, मीही नाही. फरक एवढाच की मी पोरीचा दंड पाहिला आणि तू तुझा फोन.

आणखी एक लिहिते, कारण मला खोटं लिहायची सवय नाही. हॉस्पिटलच्या दाराच्या काचेतून मी तुला पाहिलं होतं. तू रायेनच्या पायाशी बसून तिची पावलं हातात धरून रडत होतास. तेव्हा मला वाटलं, चला, माणूस आहे. आता घरी जाऊन तक्रार मागे घेईल.

तू ती मागे घेतली नाहीस.

ओतिलिया


लिनारेस, १२ मार्च

मिरेया,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. वर ‘स्वयंपाकघर विभाग’ असं लिहिलंय, म्हणजे ते तुझ्या हातात पडेल, दुसऱ्या कुणाच्या नाही. आता तो वाचत नाहीये. आता मी बोलते.

परवा रेनाल्दोच्या वकिलाचा फोन आला. गोड आवाजाचा माणूस. म्हणाला, “ओळभर माफी लिहून द्या, बाई. माझ्या अशिलाला एवढंच पाहिजे. आपण बेजबाबदारपणे वागलो, असं लिहा. लगेच तक्रार मागे घेतो.”

मी विचारलं, “आणि पोरगी मेली असती तर त्यानं ओळभर माफी लिहून भागलं असतं का?”

म्हणाला, “भावनेच्या भरात जाऊ नका.”

मी फोन आपटला. माफी! मी! माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघींनी मुलींना मापं द्यायला पाठवायचं बंद केलंय. मुली! जणू मी त्यांना कापडात गुंडाळून कुठं नेऊन विकणार आहे. आणि या सगळ्यात तू काय सांगितलंस पोलिसांना? ‘मी झोपले होते. बहिणीनं मला काही सांगितलं नाही.’

मिरेया, तू झोपली होतीस?

तू द्राक्षाच्या मांडवाखाली उभी होतीस. अनवाणी, म्हणजे पायांचा आवाज होऊ नये. मी न्हाणीघरातून बरणी घेऊन बाहेर आले तर तुझ्या हातात आधीच ती बाटली होती. लघवी तू धरलीस, बूच तू घट्ट लावलंस, माझ्या पिशवीत तू ठेवलीस. मला तर बाटली सुचलीच नव्हती, मी कोळ्याच्या मागे लागले होते. डॉक्टरांनी कोळी बाजूला सारला आणि बाटली उचलली. पोरगी वाचली ती तुझ्या बाटलीमुळं.

चादर तू गुंडाळलीस, तिच्या दंडाला घासणार नाही अशी. मी म्हटलं, “तू पण चल.”

तू म्हणालीस, “तो उठला आणि घरात कुणीच नसलं तर लगेच मागे येईल. मी त्याला थांबवते. चहा करते, काहीतरी करते. तू जा, ओती. जा लवकर.”

आणि फाटकाची कडी तू काढलीस. वाजू नये म्हणून तुझा तो ॲप्रन तिच्याभोवती गुंडाळून काढलीस.

कितीतरी वेळ तू त्याला अडवून धरलंस, तेही मला निबाल्दोच्या बायकोनं सांगितलं. “रायेन ओतीबरोबर आइस्क्रीम खायला गेलीय,” असं म्हणालीस म्हणे. मग त्याला कळलं. मग काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पण हॉस्पिटलमध्ये आलीस तेव्हा भर जानेवारीच्या उकाड्यात तू लांब बाह्यांचा स्वेटर घातला होतास.

पोलिसानं तुला विचारलं तेव्हा तो तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. तू म्हणालीस, झोपले होते. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो, ती झोपली होती. मी एकटीनं नेलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

त्या क्षणी तुझ्यावर मला राग नव्हता. राग नंतर आला, तुम्ही समोरून गेलात तेव्हा. आता तर इतका आहे की शिवणयंत्राची सुई मोडते. तिकडं जाऊन दोन महिने होत आले. तुझ्या शाळेत फोन आहे. शाळेजवळ पोस्ट आहे. एक ओळ? ‘ओती, दंड भरून येतोय’ एवढी एक ओळ? पोरीला कातडी लावावी लागली हे मला डॉक्टर इबाकाचेंकडून कळावं! ज्यांनी तिला एक आठवडा पाहिलं त्यांनी तिकडं फोन करून चौकशी केली, आणि माझी सख्खी बहीण गप्प.

नवऱ्याला सोड, असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू बघ. माझ्यावर उपकार कर, असंही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला मला सरकारी वकिलांसमोर बोलावलंय. मी तिथंही तू झोपली होतीस असंच सांगेन. तुझं नाव घेणार नाही, माफीही लिहिणार नाही. माझं काय व्हायचं ते होईल.

पण हे लक्षात ठेव, की तू जागी होतीस हे मला माहीत आहे. त्या दुपारी त्या घरात आई जागी होती. ते खोटं ठरलेलं मला सहन होत नाही, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. रायेन मोठी होईल, दंडावरचा वण बघेल आणि विचारेल, आई, तेव्हा तू काय करत होतीस? झोपले होते म्हणून सांगणार आहेस तिला?

ओती


लिनारेस, ५ एप्रिल

मिरेया,

तू मला आधी सांगायला नको होतंस? एखादा निरोप? मी काय दगड आहे?

सकाळी चांगले कपडे घातले, तो राखाडी कोट, आणि गेले. निबाल्दो बाहेर थांबला. दोन महिने मी मनात भाषण जुळवत होते. गणवेशांच्या कॉलरी लावताना, भाजी चिरताना. सरकारी वकील बाई तरुण होत्या, सर्दी झालेली. मी खुर्चीत बसले आणि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “थांबा. पुंता आरेनासहून तुमच्या बहिणीचा जबाब आलाय. आधी तो वाचते.”

मला वाटलं, झालं. आता ही माझ्याविरुद्ध सही करून बसली.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. ‘मी झोपले नव्हते. मुलीला घेऊन जा असं बहिणीला मीच सांगितलं. आई म्हणून मला तो अधिकार होता. फाटक मी उघडलं. पोलिसांसमोर खोटं बोलले, कारण मला नवऱ्याची भीती वाटत होती. त्या दिवशी त्यानं माझ्या दंडाला धरून मला भिंतीवर आपटलं. ही माहिती मी आजवर कुणाला दिलेली नाही. आज हा जबाब देण्याआधी मी त्याला तोंडावर सांगून आले आहे, आणि मुलीला घेऊन शाळेतल्या मैत्रिणीकडं राहायला गेले आहे.’

मी पिशवीत रुमाल शोधत होते आणि सापडत नव्हता. माझं सगळं भाषण, रेनाल्दोबद्दल जमवलेले एकेक शब्द, वकिलाबद्दलचे, क्लारिसाबद्दलचे, सगळे कुठं गेले कोण जाणे. त्या बाईंनी आपल्या सर्दीसाठी ठेवलेला कागदी रुमालांचा डबा माझ्याकडं सरकवला.

मग म्हणाल्या, “म्हणजे तक्रारीत काही उरलं नाही. आईची संमती होती. प्रकरण बंद होईल. तिच्या नवऱ्याचं वेगळं बघावं लागेल, ते तिकडचे लोक बघतील.” नाक पुसलं. “पण एक सांगा, सेन्योरा. बहीण झोपली होती, असं तुम्हीही पोलिसांना सांगितलं होतं. म्हणजे तुम्हीही खोटं बोललात?”

“हो.”

“तुमच्यावर गुन्हा दाखल होतोय हे कळल्यावरही? एवढे दिवस?”

“हो.”

“का?”

मी खरं तर चिडले होते. तुझ्यावर, त्याच्यावर, त्या प्रश्नावर. म्हटलं, “कारण त्या घरात परत तिला जायचं होतं. मला नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

ओती